अर्ध्या खिडकीचा शेजार

"मीठ काय सोन्याच्या भावानं आणतात का गो? भाजी नुसती पाणचट. आणि हे पांघरूण बघ. खांद्यावर घेतलं तर पाय उघडे, पायावर ओढलं तर खांदे उघडे. शेटनं बंगला बांधला हत्ती मावंल एवढा, आणि पांघरुणं ठेवली पाळण्यातली."

जिवली कुणाशी बोलत नव्हती. नुसती पुटपुटत होती. पण भिंतीपलीकडे खाटेवर बसलेल्या सकुबाईला शब्दन् शब्द ऐकू येत होता. भिंत म्हणायची आपली पद्धत. प्रत्यक्षात ती प्लायवूडची पट्टी होती, माणसाच्या डोक्याच्या वर हातभर जाऊन संपलेली. तिच्यावर आणखी दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतील एवढी उंची मोकळी, आणि मग सागाच्या फळ्यांची तक्तपोशी. कुणी खोकलं, कुणी जपमाळ ओढली, कुणी सुनेला शिव्या दिल्या, की ते आधी वर तक्तपोशीला जाई आणि तिथून सगळ्यांच्या खाटांवर सारखं वाटलं जाई.

"ऐकू येतं हां इकडं," सकुबाई म्हणाली.

"यावं म्हणूनच बोलत्ये," जिवली म्हणाली.

बंगला टोकावड्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्यापासून जरा आत. मुंबईच्या कापसाच्या कुणा शेटनं तो शंभरेक वर्षांपूर्वी हवा खायला बांधला. हवा त्याला वर्षातून दोन महिने लागे, बाकी दहा महिने बंगला ती एकटाच खाई. काळ्या दगडाचं कमरेएवढं जोतं, पुढे मोटार उभी राहील असं पोर्च, वर लाकडी कठड्याची गॅलरी, आणि मधोमध दिवाणखान्यातून निघून मध्येच अंग मुरडून वर जाणारा जिना. जिना मोठा दिमाखदार. मुरडल्या जागी पायऱ्या एका अंगाला ताटासारख्या रुंद आणि दुसऱ्या अंगाला वाटीएवढ्या. शेटाणीनं त्यावरून नऊवारी सावरत उतरावं म्हणून केलेला असावा. गुडघेदुखीवाल्यांनी उतरावं म्हणून नक्कीच नव्हे.

पुढे शेटच्या नातवंडांना हवा अमेरिकेत मिळायला लागली, तसा बंगला त्यांनी एका संस्थेला दिला, आणि संस्थेनं तो म्हाताऱ्यांना. वरचा नाचाचा दिवाणखाना प्लायवूड मारून बायकांच्या खोल्यांत वाटला गेला. वाटणी करणाऱ्या सुताराला खोल्या सारख्या मापाच्या हव्या होत्या. मध्ये खिडकी येते का खांब येतो, हे त्यानं बघितलं नाही. म्हणून पूर्वेची ती मोठी, वर लाल-निळ्या काचांची कमान असलेली खिडकी बरोबर मधून कापली गेली. डावी झडप सकुबाईच्या वाट्याला, उजवी जिवलीच्या.

तेवढ्यावर भागलं असतं. पण जुन्या सुतारकामात एक झडप दुसरीवर चढलेली असते. उजव्या झडपेची पट्टी डावीवर चढलेली होती आणि कडीही उजवीलाच. म्हणजे जिवलीनं आपली झडप उघडली, तर सकुबाईची उघडणार. जिवलीनं नाही उघडली, तर सकुबाईनं लाकडाकडे बघत बसायचं.

जिवलीला थंडी वाजे. ती मूळची वरच्या पाड्यावरची, जन्म कुडाच्या घरात गेलेला. एवढ्या उंच छताखाली तिला उघड्यावर निजल्यासारखं वाटे. सकुबाईला मात्र खिडकी लागे. डाव्या झडपेतून रस्त्याचं वळण दिसे, वळणावर लाल एस.टी. दिसे, आणि वळणापलीकडे तिचं शेत. शेत आता तिचं नव्हतं. तिच्या किशोरनं ते विकून वाशिंदला ब्लॉक घेतला होता, आणि त्या ब्लॉकमध्ये आईची खाट काही केल्या मावली नव्हती. शेतात आता मुंबईच्या कुणाचं फार्महाऊस होतं. जिथं भाताचं खळं असे तिथं निळं पाणी भरलेली टाकी होती आणि रविवारी तिच्यात माणसं पडत. पण बांधावरचा आंबा त्यांनी ठेवला होता. सकुबाई रोज सकाळी तो आंबा आहे ना एवढं बघून घेई आणि मग चहा पिई.

"उघड गो," ती म्हणे.

"ऊन येऊ दे."

"ऊन आलं की काय बघायचं? चकाकतंय नुसतं ते पाणी."

"मग नको बघू."

वर्षानुवर्षं हे चाललं होतं. दोघींना त्याची चहाइतकीच सवय होती.

या बंगल्यात एकच खोली अशी होती की जिला न कापता ठेवलं होतं. खाली, पोर्चला लागून. शेटनं तिथं बिलियर्डचं टेबल ठेवलं होतं. आत दगडी पाटा असलेलं ते टेबल मुंबईहून आलं, आणि दारातून जाईना, तेव्हा शेटनं दार फोडून दुप्पट रुंद केलं. जिवली सांगे की तो दगड मुरबाडपासून इथवर तिच्या आज्यानं आणि पाड्यावरच्या गड्यांनी खांद्यावरून आणला. यावर कुणाचा विश्वास नव्हता, पण दुसरा कुणाचा आजा पुढे येत नव्हता, म्हणून मान तिच्या आज्याकडेच राहिला होता. टेबल कधीच गेलं. दार राहिलं. आणि ज्या दारानं ते टेबल आत आलं, त्या दारानं आता माणसं बाहेर जात.

त्याला कारण तो जिना. संस्था नवी होती तेव्हा वरच्या मजल्यावर सुमनबाई गेल्या. अंगानं भरलेल्या बाई. त्यांना आडवं उतरवायला घेतलं आणि मुरडीवर सगळं अडलं. इकडून नाही, तिकडून नाही. शेवटी चादरीत बांधून त्यांना उभं करावं लागलं, आणि दोघा गड्यांनी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना एकेक पायरी उतरवलं, जणू बाई कुणाच्या लग्नाला निघाल्यात. हे खालून सगळ्यांनी बघितलं. कुणी कधी बोललं नाही. पण त्यानंतर चंद्रकलेनं ठरवलं, की ज्यांचं आता फार राहिलेलं नाही त्यांना चालते आहेत तोवर खाली आणायचं.

चंद्रकला म्हणजे इथलं सगळं काही. संस्थेचे लोक गणपतीत नि वर्षअखेरीला येत, बाकी बंगला चंद्रकलेच्या अंगावर. टोकावड्याची लेक, टोकावड्याचीच सून, पन्नाशीची, पदर खोचलेला, पायात स्लीपर. तिनं त्या खालच्या खोलीचं नाव ठेवलं, हवेची खोली. "आजी, खाली हवा बरी आहे, तिकडं जाऊ या का?" एवढंच ती म्हणे. ज्याला म्हणे तो तिच्याकडे बघे, मग आपल्या पिशवीकडे बघे, आणि म्हणे, "जाऊ या."

आणि त्याच्या आधी एक विचारणं असे. शेटच्या नातवंडांनी बंगला देताना घातलेली एकच अट म्हणजे स्वयंपाकघरात मासमच्छी शिजणार नाही. चंद्रकला अट मोडणारी नव्हती. पण अंगणाच्या कडेचा शेटच्या घोड्यांचा जुना तबेला काही स्वयंपाकघरात येत नव्हता. ज्याला खाली न्यायचं, त्याला आधी गोडीत विचारायचं, "काय खावंसं वाटतं?" आणि तो सुकट म्हणो, खेकडं म्हणो, गावठी कोंबडी म्हणो, ती तबेल्यात चूल पेटवून रांधायची. परिणाम असा झाला की या घरात एरवी कुणी कुणाला काय खावंसं वाटतं हे विचारत नसे. नव्यानं आलेल्या कुणाच्या लेकीनं दिवाळीला सहज बापाला विचारलं, तर शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बाहेर गेला होता.

त्या थंडीत रंजिता कामाला लागली. तिशीची, दोन पोरांची आई, हाताला चव असलेली आणि बोलायला मोकळी. तिला घराचे कायदे अजून कळायचे होते.

एके दिवशी सकुबाई खाटेवर बसून वाल सोलत होती. रंजिता जिना चढून आली, खिडकीसमोर क्षणभर थांबली, आणि डावीकडे वळून आत आली.

"आजी, काय खावंसं वाटतं तुमाला?"

तोंड कधी कधी माणसाला न विचारता बोलतं. "सुक्या बोंबलाचं कालवण," सकुबाई म्हणाली. "चिंच घालून. आणि तांदळाची भाकर." आणि मग तिच्या हातातला वाल खाली पडला.

पलीकडे जिवलीचं पुटपुटणं बंद झालं. फक्त तिचंच नाही. तक्तपोशीखाली सगळीकडेच शांत झालं.

"करते की," रंजिता हसून म्हणाली आणि वाल उचलून देऊन खाली गेली.

दुसऱ्या दिवशी तबेल्यातून धूर निघाला. बोंबलाचा वास पोर्चवरून गॅलरीत आला, गॅलरीतून झरोक्यांत, आणि मग नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या खाटांवर सारखा वाटला गेला. सकुबाईनं कालवण खाल्लं. झकास झालं होतं, याचाच तिला राग आला. सगळं वाईट असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर लोक तिच्याशी गोड वागायला लागले.

खाली जिन्याच्या पहिल्या पायरीजवळ बारकू नावाचा म्हातारा खुर्ची टाकून बसे. येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणा मारल्याशिवाय वाट देत नसे. तो तिला बघून उठला. "बसा," म्हणाला. बारकूनं उठून खुर्ची देणं म्हणजे पोलीसपाटलानं पाया पडणं.

"मला काय झालंय रे उठायला?"

"झालंय कुठं? मी आपला पाय मोकळे करतो."

कुणी तिला आपली लिमलेटची गोळी दिली. कुणी उसनं नेलेलं तेल आणून दिलं, जे परत येणार नाही असं धरून तिनं कधीच सोडून दिलं होतं. आणि जिवली... सकाळी अजून उजाडायचं होतं तेव्हा कडीचा आवाज आला. उजवी झडप उघडली. मग प्लायवूडपलीकडून काठीचं टोक आलं आणि त्यानं डावी झडपही ढकलली.

"बघ तुझा आंबा," जिवली म्हणाली.

गार वारा आत आला. सकुबाईला वळण दिसलं, बांध दिसला, धुक्यात आंबा दिसला. पलीकडे जिवली खोकत होती. बराच वेळ खोकत होती.

"लाव गो. थंडी हाय."

"ऱ्हाऊ दे. मला काय धाड भरल्ये?"

रोज तसंच व्हायला लागलं. झडप रोज पहाटे उघडायची आणि जिवली रोज खोकायची. सकुबाईला आंबा बघण्यात राम वाटेनासा झाला. तिला रडू येत नव्हतं. तिला वाटत होतं की आपण काहीतरी चोरून खातोय. अंगात तर काही नव्हतं. गुडघे होते तसेच होते, भूक लागत होती, जिना ती स्वतः उतरत होती. पण डॉक्टरला आतलं दिसत असेल. महिन्यापूर्वी मुरबाडच्या डॉक्टरकडे जीप भरून नेलं होतं सगळ्यांना, फोटो काढले होते छातीचे.

तिला मरायची भीती नव्हती, निदान ती तसं म्हणे. तिला त्या खोलीत जायचं नव्हतं. तिथून आंबा दिसत नाही. तिथून पोर्च दिसतं.

चंद्रकला त्या दिवसांत इथं नव्हती. लेकीच्या बाळंतपणाला वाशिंदला गेली होती. परत आली ती पेढे घेऊनच. अंगणात उभी राहून रंजिताच्या हातावर पेढा ठेवत होती तेव्हा सकुबाई कठडा धरत, एकेक पायरी उतरत, बारकूच्या खुर्चीला वळसा घालून बाहेर आली.

"नात झाली आजी," चंद्रकला म्हणाली. "तोंड गोड करा."

"करते. पण मी त्या खोलीत जायची नाय, आधीच सांगते."

चंद्रकलेचा हात पुढे तसाच राहिला. "कुठल्या खोलीत?"

"हवेच्या. मला इथं वरच ऱ्हाऊ दे. माझं मी बघीन. जिन्यावरनं मला उभी न्या नायतर आडवी न्या, तेव्हा मला काय कळणार हाय?"

"तुमाला कोण म्हणालं जा म्हणून?"

"म्हणायचं काय? हिनं विचारलं की." सकुबाईनं रंजिताकडे हनुवटी केली. "बोंबील घातले खायला."

चंद्रकला रंजिताकडे वळली. रंजिताचा पेढा तोंडातच होता. "ताई, तुमीच जाताना सांगितलंत ना," ती तो गिळून म्हणाली. "इथंच उभ्या होतात. वर दाखवलंत, त्या मोठ्या खिडकीच्या डाव्या बाजूची आजी म्हणून. मी वर गेले, खिडकी समोर, डावीकडं ह्या."

या कामात नाव घ्यायचं नाही, हा चंद्रकलेचाच शिरस्ता. नाव घेतलं की ठरल्यासारखं होतं असं तिला वाटे. तिनं मान वर करून खिडकीकडे बघितलं. सकुबाईनंही बघितलं. कितीतरी दिवसांत तिनं आपली खिडकी बाहेरून बघितली नव्हती. लाल-निळी कमान, खाली दोन झडपा, दोन्ही सताड उघड्या. आतून डावी असते ती झडप बाहेरून उजवीकडे होती. आणि डावीकडे, अंगणातून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला, चौकटीवर जिवलीच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा वाळत होता.

 रंजितानं पदर तोंडाला लावला.

"तिला डॉक्टरांनी जिना नको म्हणून सांगितलंय," चंद्रकला म्हणाली. "चढ-उतार नको. थंड वारा नको. छातीचं आहे ना जरा."

"जरा?"

चंद्रकलेनं पेढ्याच्या पुड्याचा दोरा नीट गुंडाळला. "खाली हवा बरी आहे," ती म्हणाली.

"तिला म्हायत हाय?"

"मीच बघते, आजी. दोन दिवस जाऊ देत. हिला सांगते, तिला विचारायला."

"आता काय विचारतेस? सगळा बंगला बोंबील हुंगून बसलाय," सकुबाई म्हणाली. तिनं पेढा घेतला, पण खाल्ला नाही. पदरात बांधला आणि आत आली. बारकू पुन्हा उठायला लागला.

"बस रे तू," ती म्हणाली. "मी नव्हं."

बारकूनं तिच्याकडे बघितलं, मग जिन्याकडे, मग वर.  तो हळूच खुर्चीत बसला.

मुरडीवर सकुबाई रुंद बाजूनं चढली. एवढ्या वर्षांत ती आणि जिवली सगळं बोलल्या होत्या ते प्लायवूडच्या वरून. भांडण, वाल, नवऱ्यांच्या खोड्या, पोरांची नावं. पट्टीला वळसा घालून ती जिवलीच्या खाटेवर कधी बसली नव्हती. तशी गरजच नव्हती, सगळं ऐकू तर येत होतं. आज ती वळसा घालून गेली.

जिवली पांघरुणात गुडघे घेऊन बसली होती. पाय बाहेर होते.

"तू इकडं कशाला?"

सकुबाई खाटेवर टेकली. जिवलीच्या अर्ध्या खिडकीतून आंबा दिसत नव्हता, रस्ताही दिसत नव्हता. खाली पोर्चची कौलं दिसत होती, आणि पोर्चच्या पुढची ती जागा, जिथं माणूस गेलं की न्यायला टेम्पो उभा राहतो. म्हणजे जिवलीनं गेलेले सगळे बघितले होते. एकेकाला, वरून. आणि तरी झडप लावून घ्यायचं कारण ती थंडी सांगत होती.

सकुबाई उठली. तिनं आधी पलीकडे जाऊन आपली झडप ओढली, मग परत येऊन तिच्यावर जिवलीची ओढून कडी घातली.

"का गो? तुझं बघून झालं?"

"झालं." तिनं पदराची गाठ सोडून पेढा जिवलीच्या हातावर ठेवला. "चंद्राला नात झाली. खा." मग म्हणाली, "ते बोंबील तुझे व्हते."

जिवलीनं पेढ्याकडे बघितलं. "कोणते बोंबील?"

"किती बोंबील शिजतात या घरात? तुझे व्हते. रंजिता खिडकीला चुकली. तिला खालनं दाखवलं, ती वर आली, तर डावं ते उजवं झालं."

 वर तक्तपोशीखाली सगळे खोकायचे थांबले होते. शेवटी जिवलीच खोकली.

"मग तू खाल्लेस कशाला?"

"मला काय म्हायत? मला वाटलं माझे."

"चिंच घातली व्हती?"

"घातली व्हती."

"मेली," जिवली म्हणाली. "मी पहाटेची उठून खिडकी उघडून देत्ये हिला. हाडं गारठली माझी." तिनं पेढ्याचा अर्धा तुकडा मोडला आणि सकुबाईच्या हातावर ठेवला. मग बंद झडपेकडे बघत, जणू भाजीत मीठ कमी आहे असंच सांगत, म्हणाली, "चंद्रा काय म्हणाली? खाली हवा बरी हाय म्हणाली?"

"म्हणाली."

"मग? हवा तर हवा."

"हवा नाय गो," सकुबाई म्हणाली. हळू बोलायचं तिच्या मनात नव्हतं, आणि या छताखाली हळू बोलून उपयोगही नव्हता. "त्या खोलीत माणसं मरायला नेतात, जिवले. तू मरायला लागल्येस, म्हणून तुला नेणार हायत. मी येत्ये तुझ्यासंगं. तुझ्या आज्याच्या टेबलाएवढी जागा हाय तिथं, दोन खाटा मावतील."